सरांचा डावा पाय

माणसं मला आधी मानेवरून कळतात, चेहऱ्यावरून नंतर. माझा मुलगा गाडी चालवायला शिकवतो आणि मी त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसते. शिकायला येणाऱ्या काही बायकांना अनोळखी माणसाबरोबर एकटीनं गाडीत बसायला अवघड वाटतं, म्हणून सुरुवातीला एकदा-दोनदा सोबतीला गेले, आणि मग ते माझं कामच होऊन बसलं. मुलानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, तू नुसतं बसायचं. बोलायचं नाही. 'अगं बाई', 'गेलो रे गेलो', 'आई गं', यातलं काहीही तुझ्या तोंडून निघालं तर शिकणाऱ्याचा पाय कुठं पडेल याचा नेम नाही." तेव्हापासून मी मागं बसते आणि तोंड मिटून ठेवते. हे मला किती जड गेलं, ते माझ्या सुनेला विचारा. ती म्हणते, गाडीत साठलेलं सगळं मी घरी येऊन बोलते.

शिकवणीच्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन ठिकाणी असतात. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शिकवणाऱ्याच्या. शिकणाऱ्यानं घोळ घातला तर शेजारच्यानं सावरायचं. मुलाला गावभर 'सर' म्हणतात. घरी त्याची बायकोही चिडली की 'सर' म्हणते, आणि मग तो लगेच भाजी आणायला निघतो.

त्या वर्षी एक दंतवैद्य बाई शिकायला येत होत्या. लोकांच्या तोंडात यंत्र घालताना ज्यांचा हात इकडचा तिकडे होत नाही, त्या बाई चौक दिसला की घामाघूम व्हायच्या.

"सर, तो बसवाला माझ्याकडेच येतोय."

"नाही मॅडम, तो त्याच्या रस्त्यानं चाललाय."

"पण बघतोय माझ्याकडे."

"तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या आहात, म्हणून बघतोय."

पण हळूहळू त्यांना जमायला लागलं. गाडी एकदाही धक्का खाऊन बंद पडली नाही. सर खुश, बाई खुश. मग त्या परीक्षेला गेल्या. परीक्षेची गाडी साधी, एकाच ठिकाणी पेडल असलेली. आणि तिथं पहिल्याच चढावर गाडी जी बंद पडायला लागली, ती पडतच राहिली. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. बाई नापास होऊन परत आल्या आणि सरांच्या ऑफिसातल्या खुर्चीत धपकन बसल्या.

"सर, तुमच्या गाडीत असं कधीच कसं झालं नाही?"

"घाबरलात तुम्ही, दुसरं काही नाही," सर म्हणाले.

मला काही ते पटलं नाही. पुढच्या शिकवणीला मी मानांकडं न बघता दोन सीटांमधल्या फटीतून खाली बघत बसले. बाईंनी क्लचवरचा पाय घाईनं उचलला, की सरांचा डावा पाय अलगद खाली जायचा. गाडी बंद पडायच्या आत सावरायची. तोंडानं मात्र ते म्हणायचे, "वा मॅडम, छान!" आपला पाय काय करतोय हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिले. गप्प बसणं हेच तर माझं काम.

घरी वेगळीच लढाई चालू होती. माझा नातू कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. उंच, देखणा, स्वभावानं लोण्यासारखा. चिडत नाही, उलट बोलत नाही, आणि अभ्यासही करत नाही. आंघोळ? नंतर. पुस्तक? नंतर. त्याच्या आईनं त्याचं नाव नंतरराव ठेवलं होतं. नंतरराव संख्याशास्त्रात दोनदा नापास झाले होते. आता महिनाअखेरीला शेवटची परीक्षा. तीत बुडाला तर कॉलेजातून नाव कमी होणार, हे कॉलेजानं स्पष्ट सांगितलं होतं. नंतर कुठं प्रवेश मिळणार, काय करणार, कुणालाच माहीत नव्हतं. आम्हा तिघांची झोप उडाली होती, आणि ज्याची उडायला हवी तो पोटभर जेवून झोपत होता.

मग सर पेटले. बाजारातून संख्याशास्त्राची तीन पुस्तकं आली. दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात सर गाडी झाडाखाली लावून वाचत बसायचे. सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन. सुनेनं वेळापत्रक केलं, चार रंगांत. सूत्रांच्या चिठ्ठ्या घरभर चिकटल्या, आरशावर, फ्रिजवर, संडासाच्या दारावरसुद्धा आतून. मला अक्षरं फार उशिरा आली, त्यामुळे दिसेल ते वाचायची सवय. मलाही दोन सूत्रं पाठ झाली. अर्थ विचारू नका.

रोज जेवण झालं की बापलेक टेबलाशी बसायचे. सर गणित मांडायचे, सर सोडवायचे, आणि सरच म्हणायचे, "बघ, किती सोपं आहे!"

"हो बाबा."

"कळलं ना?"

"कळलं बाबा."

"मग हे पुढचं तू कर."

नातू पेन्सिल उचलायचा, कागदाकडे बघायचा. दोन श्वास झाले की सरांना धीर धरवायचा नाही. "अरे, आधी एकूण किती ते लिही. लिही, वीस. आता खाली..." आणि पेन्सिल पुन्हा सरांच्या हातात. कॉलेजात द्यायची घरची गणितंसुद्धा अशीच पूर्ण झाली. सुनेनं ती पिवळ्या फायलीत नीट लावली. नातवानं काय केलं? फाईल उचलून नेली.

परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे विभागाच्या मॅडम ठरवणार होत्या. त्यांनी आधी भेटायला बोलावलं. सर, नातू आणि मी गाडीनं गेलो. मला खरं तर गाडीतच थांबायचं होतं, पण लांबचा रस्ता आणि माझं वय, मला बाथरूमला जावं लागलं, आणि तिथून चुकत चुकत मी नेमकी मॅडमच्याच खोलीत पोचले. त्यांनी मला खुर्ची दिली. मी अर्थातच मागं बसले.

मॅडम बारीक अंगाच्या, आवाज मऊ. त्यांनी पिवळी फाईल चाळली. "फारच सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. सरांची मान ताठ झाली. मॅडमनी फाईल मिटली आणि नातवाकडे वळल्या. "एक सोपं सांग. पिशवीत तीन लाल चेंडू आणि दोन निळे. न बघता एक काढला, तो बाजूला ठेवला, मग दुसरा काढला. दोन्ही लाल निघण्याची शक्यता किती?"

नातू छताकडे बघायला लागला. सर नातवाकडे. मी सरांच्या मानेकडे. ती आधी गुलाबी झाली, मग लाल. आणि मग बांध फुटला.

"दहात तीन!"

मॅडमनी चष्मा काढला.

"बरोबर. तुम्ही पास. आता तुमच्या मुलाचं काय करायचं?"

"नाही, म्हणजे त्याला येतं, तो जरा घाबरलाय..."

"ही फाईल कुणाची आहे?"

सर फाईल सरळ करायला लागले. नातूच म्हणाला, अगदी शांतपणे, "बाबांची आहे. आईनं लावलीय." त्याच्या आवाजात ना लाज ना राग. 'छत्री कुणाची?' असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तसा.

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "पुढच्या सोमवारी एकट्यानं ये. मी पाच गणितं देईन, तू फळ्यावर माझ्यासमोर सोडवायची. निदान तीन नीट जमली तर परीक्षेला बस. नाहीतर, मला वाईट वाटेल, पण माझ्या हातात काही राहणार नाही." आणि सरांकडे वळून, "एकट्यानं म्हणजे एकट्यानं हं."

परत निघालो. सर गिअर असे टाकत होते की गाडीलाही अपमान वाटला असेल. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. शिकणारं कुणी गाडीत नव्हतं, तेव्हा बोलायला मला बंदी नव्हती.

"सर, त्या दाताच्या बाई नापास का झाल्या?"

"आई, आता हे काय मधेच?"

"तुझ्या डाव्या पायामुळे झाल्या."

मी जे फटीतून पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. सर मानायला तयार होईनात. "मी? क्लच दाबतो? काहीतरीच!" पण म्हणता म्हणता त्यांनी पायाकडे पाहिलं, आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. मग हळूच म्हणाले, "बाईंना मागचे लोक हॉर्न वाजवतात ना, ते मला बघवत नाही."

"आणि याला?"

"यालाही नाही बघवत."

नातू खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, आता हा म्हणेल, सोडा मला, माझं मी करतो. तसं काही झालं नाही. तो वळला आणि चक्क घाबरलेल्या आवाजात म्हणाला, "म्हणजे आता मला कुणीच मदत करणार नाही?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"मी करीन," मी म्हटलं.

"आजी, तुला संख्याशास्त्र येतं?"

"नाही येत. म्हणूनच. मी मागं बसेन."

घरी तह झाला. सोमवारपर्यंत सरांनी त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, त्यानं स्वतः येऊन विचारलं तरच आणि तेवढंच सांगायचं. सुनेनं चिठ्ठ्या काढायच्या. सुनेला वाईट वाटलं. "आई, चार रंगांत केलंय हो मी," ती म्हणाली. मग तिनं ते वेळापत्रक घडी करून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं, फेकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला आणि मी त्याच्या मागं, खाटेवर. विणकाम घेऊन बसले होते.

"आजी, सुया वाजतात."

सुया ठेवल्या. हात मांडीवर घेतले. पुढं नातवाची मान, कोवळी, मागं केसांचा भोवरा. तो लहान असताना मी याच मानेला तेल लावलं होतं.

पहिला तास त्यानं पुस्तकाचं पहिलं पान वाचलं. ते पान इतकं वाचलेलं होतं की कोपरा काळा पडला होता. दुसऱ्या प्रकरणाची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली. मग तो वळला. "आजी, हे कसं करायचं?"

मी खांदे उडवले.

"बाबांना विचारू?"

"विचार की. काय विचारणार?"

तो बोलायला गेला आणि थांबला. काय विचारायचं तेच त्याला सांगता येईना. 'येत नाही' एवढं ठाऊक होतं. कुठून येत नाही ते ठाऊक नव्हतं. तो पुन्हा वळून बसला. मान खाली गेली. दुपारपर्यंत त्यानं तेच चेंडूंचं गणित निरनिराळ्या कागदांवर लिहिलं आणि खोडलं. तीन-चार वेळा उठून पाणी प्यायला. एकदा पुस्तकच आपटलं. माझ्या जिभेवर 'असू दे रे बाळा, नंतर कर' आलं होतं. गिळलं.

दारापाशी मात्र पावलं वाजत होती. सर बाहेर येरझाऱ्या घालत होते. मधेच खोकायचे. मग दाराखालून एक कागद सरकत आत आला. त्यावर सगळं गणित सोडवलेलं, सुवाच्य अक्षरात.

नातवानं तो उचलला. बघितला. मग त्यानं तो घडी करून दाराखालून परत बाहेर सरकवला.

बाहेर खोकला एकदम थांबला.

संध्याकाळी तो टेबलावरून उठला आणि माळ्यावर चढला. धूळ, जुन्या पिशव्या, मोडका पंखा, आणि त्याखालून शाळेतलं गणिताचं पुस्तक घेऊन खाली आला. सून म्हणाली, "हे रे कशाला? हे तर लहान मुलांचं आहे."

"आई, मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही," तो म्हणाला. "खालचे आकडे वेगळे असले की मला काही सुचत नाही. शाळेत बाबा सांगायचे, मी लिहायचो. मग कॅल्क्युलेटर आला."

सर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठ घट्ट आवळले होते. असा संयम मी त्यांच्यात लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

पुढचे दिवस मजेचे गेले असं म्हणणार नाही. तो चिडायचा. एकदा मला म्हणाला, "आजी, तू तिथं बसून हसतेस." मी हसत नव्हते, पेंगत होते, पण तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कंटाळून खाली फिरायला गेला तो जेवायलाच आला. पण आला, आणि बसला. शाळेच्या पुस्तकातली गणितं संपवून कॉलेजच्या पुस्तकाकडे वळला. तोंडानं पुटपुटायला लागला. मग एक दिवस तो स्वतः उठून बाहेर गेला. सर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर उलटा धरून बसले होते.

"बाबा, दुसरा चेंडू काढताना पिशवीत चारच उरतात ना? म्हणून खाली चार?"

सरांचे डोळे चमकले. "अगदी बरोबर! आणि आता समजा पहिला चेंडू परत टाकला असता, तर..."

"बाबा. एवढंच विचारलं होतं."

"हो. हो, एवढंच." सरांनी पेपर सुलटा धरला.

त्याच आठवड्यात गाडीतही वेगळंच चाललं होतं. सरांनी डावा पाय सीटखाली ओढून घेतला होता, आणि बाईंची गाडी भर बाजारात बंद पडत होती. मागं हॉर्न. बाई सरांवर, हॉर्नवर आणि शेवटी गाडीवर ओरडल्या. मग खिडकीची काच खाली करून मागच्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "थांब रे, शिकतेय मी! तुझे दात मीच उपटणार आहे एक दिवस!" टेम्पोवाला हसत सुटला, आणि त्या हसण्यात बाईंनी गाडी इतकी गोड उचलली की सरांच्या मानेवर घाम आणि हसू दोन्ही दिसलं. शनिवारी बाई पास झाल्या. पेढे नव्हे, आम्हा सगळ्यांना त्यांनी दात घासायचा एकेक ब्रश दिला.

सोमवारी नातू बसनं एकटाच गेला. आम्ही तिघं घरात. सुनेनं दोनदा मीठ घातलं. सरांनी धुतलेली गाडी पुन्हा धुतली. दुपार कलली तरी पत्ता नाही. फोन लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि तिघंही चोरून फोनकडे बघत होतो.

तो आला तेव्हा शर्टावर खडूच खडू होता. आम्ही काही विचारायच्या आत जेवायला बसला. जेवता जेवता सांगायला लागला. पहिली दोन गणितं आली. तिसरं चुकलं. चौथ्यात अडकला, फळ्यासमोर तसाच उभा राहिला. मॅडम खिडकीतून बाहेर बघत बसल्या. "मला वाटलं आता संपलं. मग सगळं पुसलं आणि पहिल्यापासून एकेक शक्यता लिहून काढली. अर्धा फळा भरला. मॅडम म्हणाल्या, याची एक छोटी रीत आहे. मी म्हटलं, असेल, पण मला हीच कळते."

"आणि?" सुनेच्या हातातला डाव तसाच हवेत.

"म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे. बस परीक्षेला."

"आणि पाचवं?" सरांनी विचारलंच.

"पाचवं वाचेपर्यंत घंटा झाली."

परीक्षा झाली. तेव्हा मी मागं नव्हते, कुणीच नव्हतं. निकाल लागायला दिवस गेले. तेवढ्या दिवसांत नंतरराव पुन्हा दुपारपर्यंत झोपायला लागले होते, हे सांगितलं पाहिजे. लोण्याचा स्वभाव एका महिन्यात लोखंडाचा होत नाही.

निकाल त्यानं फोनवर पाहिला, एकेका गणिताच्या गुणांसकट, आमच्यासमोर, जेवणाच्या टेबलाशी. "पास," तो म्हणाला. सून ओरडली, मी तिला मिठी मारली, सर खुर्चीवरून उठले आणि कुठं जायचं ते न कळून परत बसले. काठावर पास झाला होता, अगदी काठावर, पण नाव कॉलेजात राहिलं होतं. सरांनी आकडा बघितला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढेच? मी बसलो असतो तर..." सुनेनं 'सर' म्हटलं, आणि ते गप्प झाले.

पण नातू आमच्याकडे बघत नव्हता. त्याच्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती आठी मी त्याच्या कपाळावर आजवर पाहिली नव्हती.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. "शेवटचं गणित माझं पूर्ण बरोबर होतं. मी घरी येऊन पुन्हा करून पाहिलंय. निम्मेच गुण दिलेत."

"जाऊ दे रे," मी म्हटलं. "पास झालास ना."

"जाऊ दे कसं? लांब रीतीनं केलं म्हणून कापलेत. उत्तर तेच येतं." ताट तसंच ठेवून तो उठला. चपला शोधायला लागला.

"अरे, निदान जेवून तरी जा," सून म्हणाली.

"मॅडम चारला निघतात."

सर गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेले. तोवर जिन्यावरून पावलांचा आवाज खाली पोचला होता. आम्ही तिघं खिडकीशी आलो. तो रस्ता ओलांडून बसथांब्याकडे निघाला होता. मधेच थांबला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मग डोकं हलवून भराभर चालायला लागला. त्याची मान वळणापर्यंत दिसत राहिली. एकदाही मागं वळली नाही.

"गुण वाढतील त्याचे?" सुनेनं विचारलं.

"काय माहीत," सर म्हणाले, आणि त्याचं ताट झाकून ठेवायला आत गेले.